गौराक्काची माती

गौराक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या कपाळातून रक्त वाहत होतं आणि ती शिव्या देत होती. शिव्या अर्ध्या मराठी, अर्ध्या कानडी. मराठीतल्या आम्हाला पाठ होत्या. कानडीतल्या कळल्या नाहीत, पण त्या जास्त वाईट असणार हे तिच्या तोंडाकडं बघूनच समजत होतं.

साठीच्या दशकातली गोष्ट. फुटबॉलची मॅच आम्ही हरलो होतो, आणि हरलेली मॅच कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत मैदानावर संपत नसते. पलीकडच्या पेठेची पोरं आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थडकली होती. दोन्हीकडून दगड चालू होते, दुकानदार घाईघाईनं फळ्या लावत होते. मी आमच्या तालमीच्या संघाचा गोलकीपर. मैदानावर गोल सोडलेले असल्यामुळं गल्लीत मला जरा जास्तच जोर दाखवणं भाग होतं. मी दगड फेकणार एवढ्यात इरकलचं लुगडं नेसलेली, उंच, हाडापेरानं थोराड अशी एक बाई हातात पत्र्याची ट्रंक घेऊन दोन्ही टोळ्यांच्या मधून सरळ चालत आली. कुणाचा तरी दगड तिच्या भुवईवर बसला. तो आमचा होता की त्यांचा, यावर पेठेत पुढं कैक वर्षं वाद चालला. बाई पडली नाही. तिनं ट्रंक खाली ठेवली, तोच दगड उचलला, आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहिली. दगड पाठीमागच्या मुठीत.

"कुनाचा हाय ह्यो?" ती म्हणाली. "या की घ्यायला!"

कोण जातंय! आधी शिव्यांचा पट्टा संपेपर्यंत सगळे उभे राहिले, मग पलीकडची पोरं हळूहळू मागं सरली आणि आम्ही पण तोंडं लपवत तालमीत शिरलो. ती आमच्या मागोमाग तालमीच्या दारात आली.

आमच्या तालमीचे वस्ताद तेव्हा साठीला आलेले होते. मान नावाचा अवयव त्यांना नव्हता, कान चुरगळलेले, आवाज मात्र शेळीसारखा बारीक. त्यांनी तिच्या जखमेत हळद दाबली आणि विचारलं, "कुनाकडं आलाय, बाई?"

"तुमच्याकडंच. शाळा काढायची हाय. बारक्या पोरांची."

ती जयसिंगपूरची, लिंगायत व्यापाऱ्याची मुलगी. गळ्यात लिंगाची चांदीची डबी. माँटेसरीचं शिक्षण घेऊन ती कोल्हापुरातच एका बंगल्यातल्या बालमंदिरात शिकवत होती. तिथं मोटारीतून पोरं यायची. ते सोडून ती इकडं का आली, असं वस्तादांनी विचारलं. ती म्हणाली, "तिथल्या पोरांस्नी कोन मारतंय? मी चार जनांस्नी इचारलं, कोल्लापुरात सगळ्यात जास्त मारामाऱ्या कुठं हुत्यात. चौघांनी बी तुमचंच नाव सांगितलं."

वस्ताद एवढे खूश झाले की त्यांना आधी पाणी सुचलं नाही, चहाच सांगितला.

तालमीला लागून पत्र्याची एक लांब खोली होती. लेझमी, ढोल, फुटबॉलचे फाटके बूट असलं सामान तिथं पडलेलं असे. ती खोली तिनं मागितली. त्यावर तालमीत बैठक बसली आणि मोठा गदारोळ झाला. सेक्रेटरीला तिथं कॅरम क्लब काढायचा होता. तो म्हणाला, तालमीच्या आवारात बाईमाणूस आजवर आलेलं नाही. कुणी म्हणालं, मार खाल्ल्याशिवाय पोर पैलवान होतं का कधी? गौराक्का डोक्याला चिंधी बांधून दारात उभी होती, हात पाठीमागं. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "एक अट मीच घालते. ह्या पत्र्याखाली माझा हात उठला, तर त्या दिवशी खोली परत घ्यायची. तुमी मागायला यायचं न्हाय. मीच किल्ली आनून दीन."

"पोरावर उठला तर, आसंच न्हवं?" वस्तादांनी विचारलं.

"कुनावर बी."

सेक्रेटरी हसला. बाईचं तोंड ऐकलेलं होतं, हात आठवडाभरात उठणार याबद्दल त्याला शंका नव्हती. खोली मिळाली.

माझी मंगल त्या शाळेच्या पहिल्या पोरांतली. तिला घेऊन गेलो तेव्हा वाटलं, फी विचारतील, जन्मतारीख विचारतील. अक्कानं विचारलं, "मारता का हिला?"

"कधीमधी. लाडानं," मी म्हणालो.

"लाडानं," ती म्हणाली, आणि माझ्याकडं असं बघितलं की मला मैदानावर सोडलेले सगळे गोल आठवले.

माती उचलायची पद्धत वस्तादांनी सुचवली होती. आमच्यात शब्द दिला तर तो कुस्तीच्या हौदातली माती मुठीत घेऊन देतात. लाल माती, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली. पैलवान उतरण्याआधी ती कपाळाला लावतात. त्या मातीवर खोटं बोलला असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. वस्ताद घमेल्यात माती घेऊन शाळेच्या उंबऱ्यावर आले. मी मूठ भरली आणि म्हणालो, "ह्या मातीची आण, माझ्या पोरीला हात लावणार न्हाय." हीच शाळेची फी. ज्याच्या बापानं माती उचलली नाही त्याचं पोर आत घेतलं जात नसे.

बाकीचं पेठेनं बघितलं. सुतारानं लाकडी ठोकळ्यांचा मनोरा केला आणि थोरल्यापासून धाकट्यापर्यंत भावंडं उभी असतात तशी लांब-आखूड दांड्यांची रांग करून दिली. शिंप्यानं गुंड्या लावायच्या चौकटी शिवल्या. तांबटानं पोरांच्या हातात मावतील असे तांबे ठोकले. मी उद्यमनगरात लेथवर होतो. दट्ट्याच्या पेट्यांना, म्हणजे भोकात बरोबर बसणाऱ्या लाकडी गट्ट्यांना, पितळी मुठी मी कातून दिल्या. दूधकट्ट्यावरचे गवळी म्हशी शाळेसमोर आणून धारा काढत आणि पोरं तोंडाला फेस लावून दूध पीत. पैलवान आपल्या थंडाईतले बदाम काढून पाठवत. एकमेकांची डोकी फोडणारी माणसं त्या खोलीसाठी काहीही करायला तयार होती, आणि खोलीबाहेर आल्यावर पुन्हा एकमेकांची डोकी फोडत होती.

अक्का पोरांशी बोले तेव्हा आवाज इतका हलका की जवळ जावं लागे. पोरग्याला ती "तम्मा" म्हणे, पोरीला "तंगी". कानडीत धाकटा भाऊ, धाकटी बहीण. पोरानं तांब्यातलं पाणी सांडलं तर "सांडलं की. फडकं कुठं हाय, तम्मा?" एवढंच. आणि तेच पोर न्यायला बाप उशिरा आला तर "मुडदा बशिवला तुझा, घड्याळ गहाण टाकलंस काय रे?" हे रंकाळ्यापर्यंत ऐकू जाई. मोठ्या माणसाला ती जिभेनं सोलून काढायची. त्या वेळी तिचे हात नेहमी पाठीमागं असत, एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. लोकांना वाटे बाईची ऐट आहे.

शांततेचा एक खेळ ती रोज घ्यायची. सगळी पोरं डोळे मिटून बसत. ती खोलीच्या टोकाला जाऊन एकेकाचं नाव कुजबुजे. नाव ऐकू आलं की पोरानं चवड्यावर, आवाज न करता तिच्यापर्यंत जायचं. अडचण अशी की भिंतीपलीकडं तालीम. तिकडून दणादण आवाज. वस्तादांनी हुकूम काढला, खेळ चालू असेल तोवर कुणी शड्डू ठोकायचा नाही. दंडमांडीवर थाप मारल्याशिवाय ज्यांना कुस्ती सुरू झाल्यासारखी वाटत नाही असे बाप्ये त्या वेळी भिंतीला कान लावून बसू लागले. एकदा बंडा उशिरा आला आणि सवयीनं त्यानं शड्डू ठोकला. आख्खी तालीम तोंडावर बोट ठेवून त्याच्यावर धावून गेली. आवाज न करता त्याला चांगलाच बुकलला.

हा बंडा म्हणजे आमच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड, पेठेचा लाडका. त्याच्या पायात बॉल आला की म्हातारे कोतारे उठून उभे राहायचे. बायको सुमन, एकुलता मुलगा विजू. बंडानं माती उचलली तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

मातीनं काय काय घोटाळे केले ते सांगायला हवं. मटणाच्या दुकानवाल्याचा पोरगा एक दिवस पाठीवर वळ घेऊन आला. अक्कानं बापाला उभा केला. तो शपथेवर म्हणाला, "म्या बोट लावलेलं न्हाय, अक्का. ह्येच्या चुलत्यास्नी सांगितलं मारायला." आणि त्याच्या चेहऱ्यावर काही चुकल्याचा भाव नव्हता. शब्द त्यानं पाळला होता! चौकशी केली तेव्हा कळलं की पेठेत ही सोय बऱ्याच घरांनी करून घेतली आहे. एक तर शेजाऱ्याशी अदलाबदल करून मोकळा झाला होता. तू माझ्याला मार, मी तुझ्याला. मला हसू आवरेना. अक्का पाठ फिरवून तडक खोलीमागच्या परसात निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून सगळं घर बोलावलं जाऊ लागलं. चुलते, आत्या, आज्ज्या. बायकांनी हौदातल्या मातीला हात लावावा का, यावर वस्ताद दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात. शेवटी म्हणाले, "मातीला काय कळतंय बाई का बाप्या," आणि घमेलं पुढं केलं.

परसात ती काय करते ते मला एका सोमवारी दिसलं. सोमवारी उद्यमनगर बंद. मी मुठी दुरुस्त करून घेऊन गेलो होतो. मागं अक्का पदर खोचून पैलवानी मुदगल फिरवत होती. ती जड लाकडं, जी फिरवताना आमच्यातल्या भल्याभल्यांचे खांदे निखळत, ती डोक्यावरून पाठीमागं, पाठीमागून पुढं. घामानं निथळत होती. मला बघून थांबली नाही.

"एक पोरगं चावलं आज," ती म्हणाली. "हात वर गेलता. निम्म्यातनं मागं आनला."

मग मुदगल खाली ठेवून पायरीवर बसली आणि न विचारता बोलली. नवरा मारायचा. बरीच वर्षं खाल्ला मार. एक दिवस मुसळ उचललं आणि त्याचा खांदा मोडला.

"लई बरं वाटलं, गोलकीपर. खोटं कशाला सांगू? इतकं बरं मला कशानंच वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझं पोर रडाय लागलं. काय त्याचं मागणं बी नव्हतं, नुस्तं रडत हुतं. हात आपसूक गेला. कानावर बसला. त्या कानानं त्याला परत ऐकू आलं न्हाय."

"कुठं असतो आता?"

"आज्जीपाशी. मीच ठिवला." तिनं दोन्ही तळवे उघडून बघितले. "हाताला चव लागती हो. एकदा लागली की हात सोता हुडकत जातो."

मी आयुष्यात बरीच डोकी फोडली आहेत. हे वाक्य ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती माझ्याच हाताची.

पुढच्या वर्षी फायनलला बंडानं पेनल्टी बाहेर मारली. मैदानावरून सुरू झालेली मारामारी पेठेत संध्याकाळपर्यंत चालली. सायकली जळाल्या, लाठीमार झाला, माझे पुढचे दोन दात गेले. बंडाला कुणी काही बोललं नाही, पण म्हातारे त्याला बघून उठून उभे राहायचे बंद झाले. त्याला तेच लागलं. तो पिऊ लागला.

थोड्या दिवसांनी सुमन विजूला सोडायला आली ती पदर तोंडावर ओढून. अक्कानं पदर बाजूला केला. डोळा मिटलेला, काळानिळा.

"विजूला हात लावत न्हाईत," सुमन घाईघाईनं म्हणाली. "शब्द पाळत्यात की. विजू रडाय लागला की मला मारत्यात."

मी तिथंच होतो. अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. ती म्हणाली, "माझीच चूक हाय. मी माती अर्धीच उचलून घेतली." पोरांवर उठायचा तो हात आता कुठं कुठं उतरत होता हे तिनं मग घरोघर जाऊन विचारलं. बऱ्याच बायकांनी पदर बाजूला केले. माझी बायको घरी येऊन म्हणाली, "पेठेतली पोरं आमच्या पाठीवर शिकत्यात म्हना की." माझ्या घरात तसं नव्हतं, तरी मला मान वर करवेना.

अक्का घमेलं घेऊन बंडाच्या दारात गेली. पुन्हा माती उचल म्हणाली, सुमनसाठी. बंडा दारात पान खात उभा होता. "शाळेचा शब्द दिला, त्यो पाळतोय. बायकोचा इषय शाळेचा न्हाय." आणि गल्लीतले बाप्ये माना डोलवत होते. सेक्रेटरी म्हणाला, घरातला मामला आहे. वस्ताद तालमीत निघून गेले. अक्का घमेलं डोक्यावर घेऊन परत फिरली.

त्यानंतरचा एक सोमवार. मी शाळेच्या दाराची कडी बसवत होतो. आत शांततेचा खेळ चालू होता. पोरं डोळे मिटून बसलेली, पलीकडं तालीम गप्प, अक्का टोकाला बसून नाव कुजबुजत होती. मंगल चवड्यावर चालत निघाली होती. तेवढ्यात सुमन मला ढकलून आत घुसली. अनवाणी, झंपर फाटलेला. तिच्यामागं बंडा. त्याच्या मुठीला सायकलची चेन गुंडाळलेली होती.

मी त्याला आडवा गेलो. त्यानं कोपर मारलं आणि मी चौकटीवर आपटलो. त्यानं सुमनला केसाला धरून जमिनीवर पाडलं. चेन एकदा तिच्या पाठीवर बसली. पोरांनी डोळे उघडले होते पण एकही रडलं नाही. खेळ मोडायचा नाही हे त्यांना एवढं पक्कं शिकवलेलं. अक्का उभी राहिली. हात पाठीमागं. "बंडा," ती म्हणाली, त्या पोरांच्या हलक्या आवाजात. "चेन खाली ठेव, तम्मा."

दारात तोवर तालीम गोळा झाली होती. सेक्रेटरी पुढं. तो सुमनकडं बघत नव्हता, अक्काच्या हातांकडं बघत होता.

आणि विजू उठला. चार वर्षांचं पोर. त्यानं रांगेतला सगळ्यात लांब दांडा दोन्ही हातांनी उचलला, बापाजवळ गेला आणि जोर करून त्याच्या गुडघ्यावर हाणला. बंडा वळला. कोण आहे हे न बघता त्यानं चेन उचलली.

अक्काचे हात पुढं आले. तिनं वरच्यावर त्याचं मनगट धरलं, पिळलं, आणि त्याचं कोपर दाराच्या चौकटीवर आणून खाली दाबलं. काडकन आवाज आला. बंडा ओरडला. चेन पडली. तिथं थांबली असती तर पेठेनं तिला हत्तीवरून मिरवलं असतं. ती थांबली नाही. तिनं त्याच्या तोंडात मारली. मग पुन्हा. तो खाली बसला होता, हात लोंबत होता, त्याच्यापासून आता कुणालाच भय नव्हतं, आणि ती मारतच होती. वस्तादांनी आणि मी दोघांनी मिळून तिला ओढली. तिच्या अंगात काय जोर होता! मी तिचा चेहरा जवळून बघितला. तिथं राग नव्हता. तहानलेल्या माणसाला पाणी मिळाल्यावर जसा दिसतो तसा तो चेहरा होता.

मग तिला पोरं दिसली.

ती एकदम सैल पडली. लुगडं नीट केलं. खाली बसून विजूच्या हातातला दांडा सोडवला आणि जागच्या जागी, रांगेत ठेवला. सुमनच्या पाठीवर ओलं फडकं ठेवलं. मग कमरेची किल्ली काढून वस्तादांच्या पुढं धरली.

"बाई, ह्यो हात हिशेबात धरायचा न्हाय," वस्ताद म्हणाले. शेळीसारखा आवाज आणखी बारीक झालेला. "पोराला वाचवायला उठला त्यो."

"पैला पोरासाठी उठला, वस्ताद," अक्का म्हणाली. "दुसरा माझा हुता."

सेक्रेटरी काहीतरी बोलणार होता. वस्तादांनी नुसतं त्याच्याकडं बघितलं. किल्ली त्यांनी घेतली, कारण आमच्यात दिलेला शब्द कुणी उपकार म्हणून परत देत नाही. अक्का उंबरा ओलांडून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं नेहमीच्या वेळी तालमीसमोर येऊन उभी राहिली. खोलीला कुलूप. अक्का रस्त्याच्या कडेला उभी. पहिल्यांदा मटणवाल्यानं दुकानासमोरची फळी धुऊन काढली आणि म्हणाला, "हितं बसवा." मग शिंप्यानं ओटा दिला, मग एकेकानं. पावसाळाभर शाळा ओट्याओट्यावरून फिरली. घरातला मामला म्हणणाऱ्यांच्या दारात आता दिवसभर वीसेक पोरं आणि अक्का. भांडायला जागाच उरली नाही.

पावसाळा संपल्यावर आख्खी तालीम किल्ली घेऊन तिच्याकडं गेली. सेक्रेटरीसुद्धा. ती म्हणाली, "शाळा येऊ दे की. मी येनार न्हाय." आणि त्या दिवसापासून, पुढची जवळजवळ वीस वर्षं, ती उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसली. आत सुमन. अक्कानं पायरीवरूनच तिला तयार केलं. पोरं दट्ट्याची पेटी उचलून बाहेर आणत, अक्काला दाखवत, परत आत नेत. शांततेचा खेळसुद्धा ती पायरीवरून घ्यायची. फुटबॉलच्या पोरांनी तिच्या डोक्यावर ताडपत्री बांधून दिली. वस्ताद गेले, सेक्रेटरी गेला, तीन संघ बदलले, ती पायरीवर होती. तिला आत ये म्हणून मी दरवर्षी सांगायचो आणि दरवर्षी शिव्या खायचो.

शपथ मात्र बदलली. "माझ्या घरात कुनावर हात उठनार न्हाय." काही बाप ते ऐकून घमेल्यापासूनच परत फिरायचे आणि पोराला दुसऱ्या शाळेत घालायचे. बाकीचे उचलायचे. बंडाचा हात वाकडा जुळला. तोही एका सकाळी आला, डाव्या हातानं माती उचलली, शब्द बोलला, आणि अक्काच्या पायाला हात लावून गेला. मी तिला म्हणालो, "सुधारला की, अक्का." ती म्हणाली, "मातीला ठाऊक."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडं, एका थंडीत, ती पायरीवर बसल्या बसल्या गेली. आतल्या पोरांना वाटलं खेळ चालू आहे. पोरं बराच वेळ डोळे मिटून बसून राहिली होती, आपलं नाव कुजबुजलं जाईल म्हणून.

लिंगायतांत जाळत नाहीत. बसवून मूठमाती देतात. सजवलेल्या मखरात बसवून तिला पेठेतून नेलं, तेव्हा पलीकडच्या पेठेचे लोकसुद्धा आले होते; ज्यांच्याशी आमचं मागच्याच आठवड्यात वाजलं होतं ते. आलेल्या पाव्हण्यांत जयसिंगपूरचा एक मध्यमवयीन माणूस होता. मी त्याच्याशी दोन शब्द बोलायला गेलो तर त्यानं मान वळवून दुसरा कान पुढं केला.

खड्ड्यात तिला मांडी घालून बसवलं होतं. जंगम पुरोहितांनी डबीतलं लिंग काढून तिच्या डाव्या तळव्यावर ठेवलं. उजवा हात मांडीवर उघडा. एवढ्या वर्षांत तिचे हात असे पुढं, मोकळे, मी कधी बघितले नव्हते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

तालमीच्या नव्या वस्तादानं घमेल्यातून हौदातली लाल माती आणली होती. प्रेमानं आणली होती. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. त्यानं घमेलं खड्ड्याच्या काठावर ठेवलं आणि म्हणाला, "या, माती द्या."

कुणी पुढं झालं नाही.

तिचा मुलगा गेला, बायका गेल्या, मुलं गेली. पण पेठेतले बाप तसेच उभे. प्रत्येकाला आठवलं होतं की ही माती आपण आधी एकदा उचलली आहे. मग एक चप्पल शोधायला मागं सरला. एकाला खोकला आला. मी गेलो, मूठ भरली. मला भरता आली. माझ्यामागून काही आले, विजू आला, त्याच्या कडेवर त्याची पोरगी होती. आणि बरेच जण, चांगले धिप्पाड, डोकी फोडलेले आणि फोडून घेतलेले बाप्ये, लांब झाडाखाली जाऊन उभे राहिले. मी मोजले नाहीत. तिथल्या प्रत्येक बाईनं मोजले.

शेवटी बंडा आला. केस पांढरे झालेले. त्यानं डाव्या हातानं मूठ भरली, खड्ड्याच्या काठावर आला, खाली तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. ओठ हलले. मग तो वळला, मूठ घमेल्यावर उघडली, आणि तळहात धोतराला पुसला.

"मला न्हाय उचलता यायची," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेलं.

सुमन समोर उभी होती. वीस वर्षं अक्काच्या शेजारी शिकवत होती, लांब बाह्यांचा झंपर घालून, आणि घरातलं एका शब्दानं बोलली नव्हती. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. पुढं आली, हातांवरचे वळ दिसतील अशा बाह्या दंडापर्यंत वर सारल्या, त्यानं टाकलेली तीच माती ओंजळीत घेतली आणि खड्ड्यात सोडली. ती अक्काच्या उघड्या उजव्या हातावर पडली आणि तो हात झाकला गेला.